धुराडे, कायदा आणि गावचा कारागीर

एखादे कौशल्य दुरुपयोगामुळेच समाजाच्या नजरेस यावे, हे त्या कौशल्याचे दुर्दैव होय. वाहनांचे सायलेन्सर घडविणाऱ्या कारागिराच्या वाट्याला आज तेच आले आहे. मोटारसायकलच्या सायलेन्सरमधील ‘पुंगळी’ काढून फटाक्यांसारखे आवाज करीत हिंडणारे तरुण, आणि पोलिसांनी जप्त केलेल्या अशा सायलेन्सरांवरून फिरविलेला रोडरोलर, एवढेच चित्र वृत्तपत्रांतून वाचकांपुढे येते. त्या कारवाईविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. रात्री अभ्यास करणारा विद्यार्थी, अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर उतरणारे पक्षी या सर्वांनाच शांततेचा हक्क आहे. परंतु त्या रोडरोलरखाली एका उपयुक्त व्यवसायाची प्रतिष्ठाही चिरडली जात नाही ना, याचा विचार व्हावयास हवा.

निफाडसारख्या तालुक्यात या व्यवसायाची गरज सहज पटण्याजोगी आहे. द्राक्ष, कांदा आणि ऊस ही येथील पिके आणि ट्रॅक्टर हा त्यांचा आधार. द्राक्षाच्या मांडवाखालून फवारणीसाठी ट्रॅक्टर न्यावयाचा, तर उभे धुराडे वेलींत अडकते आणि त्यातून निघणारा तप्त वायू पाने करपवितो. म्हणूनच बागेसाठी बनविलेल्या लहान ट्रॅक्टरांत धूरनळी खालच्या बाजूने आडवी नेलेली आढळते. शिवाय ही नळी आतूनच गंजते. १ लिटर इंधन जळाले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. निफाडच्या प्रसिद्ध थंडीत इंजिन थोडा वेळच चालविले, तर नळी पुरती तापत नाही. वाफेचे पाणी होते आणि आम्लांश घेऊन पत्रा खात राहते. जुन्या वाहनाचा सुटा भाग बाजारात मिळेनासा झाला, की शेतकऱ्याला वेल्डिंगच्या दुकानाचीच पायरी चढावी लागते.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो तो योग्य नळी मिळविण्याचा. तालुक्याच्या बाजारात सर्वांत सहज हाताशी येते ती पाण्याची जस्तलेपित नळी. आणि तीच या कामी सर्वांत अयोग्य. ४० मिलिमीटरची म्हणून विकल्या जाणाऱ्या या नळीचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात ४८.३ मिलिमीटर भरतो, कारण तिचे नाव आतल्या पोकळीवरून पडलेले असते. वाहनासाठी बनविलेली नळी मात्र बाहेरच्या व्यासावरून आणि पत्र्याच्या जाडीवरून ओळखली जाते. मोटारीच्या धूरनळीचा पत्रा बहुधा १.२ ते १.६ मिलिमीटर जाड असतो, तर पाण्याच्या मध्यम प्रतीच्या नळीचा सुमारे ३ मिलिमीटर. हे जादा वजन सतत हादरत राहते आणि इंजिनालगतच्या जोडाला तडा देते. याहून गंभीर गोष्ट जस्ताची. ते ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. वेल्डिंगच्या ज्योतीत त्याचा पांढरा धूर होतो आणि तो श्वासावाटे गेला, की कारागिराला थंडी वाजून ताप भरतो. भारतीय मानकांतही हा भेद स्पष्ट आहे: पाण्याच्या नळ्यांसाठी १२३९ आणि मोटारींच्या नळ्यांसाठी ३०७४ या क्रमांकाचे मानक आहे. परंतु मानक पुस्तकात राहते आणि दुकानात येते ती हाताला लागलेली नळी.

दुसरा प्रश्न घडणीचा. पोकळ नळी नुसती वाकविली, तर बाकापाशी ती चेपते आणि धुराची वाट अरुंद होते. इंजिनाची शक्ती घटते आणि इंधन अधिक जळते. म्हणून जाणता कारागीर नळीत कोरडी वाळू ठासून मग ती तापवून वाकवितो किंवा तयार बाक कापून जोडतो. प्रथम जाड तार वाकवून नळीच्या मार्गाचा नमुना घ्यावयाचा, वाहनावरच ठिपक्याठिपक्यांनी जोड धरावयाचे, मग नळी उतरवून पक्के वेल्डिंग करावयाचे, हा त्याचा क्रम. इंजिन रबरी आधारांवर हलत असते. तेव्हा नळीलाही हलण्यास वाव ठेवावा लागतो. सायलेन्सरच्या आतील कप्पे आणि छिद्रे पूर्ववत बसविणे हा तर या कामाचा प्राणच होय. ८५ डेसिबलपेक्षा अधिक आवाजात रोज ८ तास काम करणाऱ्याचे कान हळूहळू निकामी होतात. फुटक्या धुराड्याचा ट्रॅक्टर चालविणाऱ्या शेतकऱ्याला हे बहुधा उशिरा कळते.

कायदा याबाबत मुळीच अस्पष्ट नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम ट्रॅक्टरसह प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारे साधन सक्तीचे करतो. २०१९ च्या दुरुस्तीने ध्वनी व धूर यांच्या मर्यादा मोडणाऱ्यास १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद ठेवली आहे. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल अमान्य ठरविले. २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ वाहनांत तर धूरनळीतच धूर शुद्ध करणारे उपकरण आणि संवेदक असतात. त्यांना अर्धवट ज्ञानाने हात लावणे धोक्याचेच. तथापि फुटलेली नळी मूळ मापाने बदलणे ही दुरुस्ती आणि आवाज वाढविण्यासाठी कप्पे काढणे हा अपराध, या दोहोंमधील सीमारेषा कारागिराला कोण समजावून सांगतो? बागेसाठी धुराड्याची दिशा बदलणे यांपैकी कशात मोडते, याचेही उत्तर शेतकऱ्याला आधी मिळावयास हवे. दंडाच्या पावतीवर नव्हे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डिंग शिकविताना धूरनळीची घडण, नळीची निवड आणि संबंधित नियम यांचा समावेश व्हावा. परिवहन खात्याने दुरुस्तीची मर्यादा सोप्या मराठीत छापून दुकानांत लावावी. कारागिरानेही आपल्या कामाची पावती द्यावी आणि कप्पे काढण्याचे काम, त्याला दाम अधिक मिळत असला तरी, नाकारावे.

याच तालुक्यात ओझर येथे १९६४ साली स्थापन झालेला विमानांचा कारखाना आहे. तेथे नळीच्या प्रत्येक बाकाला माप आहे आणि प्रत्येक जोडाची तपासणी आहे. काही मैलांवरच्या दुकानात मात्र सारा भरवसा डोळ्यांच्या अंदाजावर. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८४२ साली निफाडलाच जन्मले. १८९० साली पुण्यात भरलेल्या औद्योगिक परिषदेमागील प्रेरणा त्यांची होती, आणि या देशातील लोखंडाच्या धंद्यावर त्यांनी आवर्जून लिहिले. केवळ शेतीवर अवलंबून राहणाऱ्या देशाला हाताचे कसब जोपासावे लागेल, ही त्यांची चिंता होती. त्यांच्या जन्मगावच्या परिसरातील लोखंडाच्या कारागिराकडे समाज केवळ संशयाने पाहील, तर त्याच्या हातून संशयास्पद कामच होईल. त्याला योग्य नळी, माप आणि नियमाचे ज्ञान मिळाले, तर गोंगाट शमविण्याचे काम त्याच्याइतके चांगले दुसरा कोणी करू शकणार नाही.