सरदारपुत्राची सेनापतिपदाची खरेदी

सोनपेठपासून जालन्यापर्यंतच्या मुलखांत असईच्या लढाईचें नांव ऐकलें नाहीं असा वाचक विरळा. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं ती लढाई जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला. आणि इंग्रजी सैन्यांत केवळ गुणाची पारख होत असे, म्हणूनच आमच्या सरदारांचा पाडाव झाला, असा समज आमच्यांतील पुष्कळ शिकलेल्या मंडळींनीं करून घेतला. हा समज एकदां तपासून पाहिला पाहिजे.

वेलस्ली हा आयर्लंडांतील अर्ल ऑफ मॉर्निंग्टन याचा मुलगा. विलायती सरदारघराण्यांत किताब व इस्टेट वडील मुलाकडे जात. धाकट्यांनीं लष्कर, धर्मखातें अगर वकिली धरावी. (वकिलीस अखेरची जागा मिळाली, हें आमच्या व्यवसायबंधूंनीं मनास लावून घेऊं नये.) त्या काळीं ब्रिटिश पायदळांत व घोडदळांत अधिकाराच्या जागा उघड विकत मिळत. १८२१ च्या दरपत्रकांत पायदळाच्या लेफ्टनंट-कर्नलच्या जागेची किंमत ४,५०० पौंड लिहिली आहे. वर हातोहात द्यावयाची रक्कम निराळी. १७८७ सालीं लष्करांत शिरलेला हा तरुण १७९३ सालीं, चोविसाव्या वर्षीं, ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट-कर्नल झाला, तो वडील भावाकडून उसन्या घेतलेल्या पैशावर. तोंवर त्यानें एकही लढाई पाहिली नव्हती!

घराण्याचा वारस असलेला तोच भाऊ रिचर्ड १७९८ मध्यें गव्हर्नर-जनरल होऊन आला. पुढच्याच वर्षीं श्रीरंगपट्टणच्या खिंडारांतून सैन्य आंत नेलें बेअर्डनें, आणि शहराचा कारभार मिळाला आर्थरला. बेअर्डनें तक्रार केली; ऐकतो कोण?

त्याचा गुण मात्र नाकारतां येत नाहीं. असईस वाटाडे केळणेला उतार नाहीं म्हणत होते. दोन्ही तीरांवर समोरासमोर गांवें दिसतांच मध्यें उतार असलाच पाहिजे, हें त्यानें ताडलें. तरीही त्याचीं दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं वा जखमी झालीं.

आणि आमच्याकडे काय होतें? महादजी शिंद्यांमागें १७९४ सालीं सगळी दौलत पंधरा-एक वर्षांच्या दौलतरावांच्या हातीं गेली, ती वारसा म्हणून. कवायती पायदळ परक्या पोलमनच्या हुकमांत होतें. कंपनीच्या आमिषानें कित्येक गोरे अंमलदार आधींच नोकरी सोडून गेले होते. शिंदे व नागपूरकर भोसले दोघेही लवकरच रणांगणावरून निघून गेले. जागेवर राहिले ते गोलंदाज. इंग्रजी फळी पुढें सरकल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले कांहीं जण उठले आणि तोफा फिरवून त्यांनीं शत्रूच्या पाठीवर मारा केला. त्यांचीं नांवें इतिहासानें जपलीं नाहींत. मुलाच्या हातीं चोपडी देण्यापूर्वीं त्याला चार वर्षें मापावर बसविणाऱ्या व्यापाऱ्यास या हिशेबांतील चूक आम्हीं दाखवावयास नको.

विलायतेंतील तो बाजार आणखी सात दशकें चालला. क्रिमियाच्या युद्धांतील गोंधळानें तेथील लोकमत खवळलें; तरी १८७१ सालीं ग्लॅडस्टनच्या मंत्रिमंडळानें हा विक्रय बंद करावयाचें योजिलें, तेव्हां लॉर्डांच्या सभेनें आडकाठी घातलीच. अखेर राणीच्या फर्मानानें तो बंद करावा लागला. जागा विकत घेणाऱ्यांस भरपाई सरकारी तिजोरींतून मिळाली, हातोहात दिलेल्या रकमेसुद्धां.