वॉकी-टॉकीवरचा मेसेज दुसरा कुणी वाचतोय का?

समजा बाभुळगावात तुमची कापूस खरेदी आहे. भाव कुठपर्यंत चढवायचा, हा मेसेज तुम्ही डिजिटल वॉकी-टॉकीवर काट्यावरच्या माणसाला टाकला. त्याच फ्रिक्वेन्सीवर सेट लावून बसलेला दुसरा व्यापारीही तो वाचू शकतो. मग सौदा गेलाच ना!

‘कलर कोड’ म्हणजे कुलूप नव्हे. तो फक्त दुसऱ्यांची बडबड तुमच्या सेटवर येऊ देत नाही. खरं कुलूप म्हणजे एन्क्रिप्शन.

घेताना विचारा: एईएस-२५६ आहे का? ते आवाजासोबत टेक्स्ट मेसेजलाही लागतं का? परवाना कोणता लागेल?

आणि हो, सगळ्या सेटमध्ये किल्ली एकच असते. एक सेट हरवला, की त्याच दिवशी सगळ्यांची किल्ली बदला.