आज काही विशेष नाही

जालन्याहून समुद्र सुमारे चारशे किलोमीटर. इथल्या स्टीलच्या कारखान्यांना परदेशी भंगार लागतं, म्हणून बंदराशी या शहराचा व्यवहार जुनाच; २०१५ मध्ये बदनापूरच्या बाजूला ड्रायपोर्टचं भूमिपूजनही झालं. पण घरची गाडी काढून, डिकीत दशम्या नि शेंगदाण्याची चटणी भरून निघणाऱ्या जालनेकराला समुद्र म्हणजे दिवाळीची सुट्टी. कापसाची पहिली वेचणी, सोयाबीनची मळणी उरकली की कोकणाचे बेत सुरू होतात. परतल्यावर सांगायला जंजिरा असतो, सुरमई असते, वाळूत रुतलेली कुणाची तरी गाडी असते. मधल्या तासांबद्दल विचारलं तर एकच उत्तर मिळतं, ‘काही नाही, आरामात पोचलो.’

हे ‘काही नाही’ दोन जातींचं असतं. त्यातलं एक घातक, तर दुसरं मोठ्या कष्टाने मिळवावं लागतं. जालना ते कोकणच्या दक्षिण टोकाचं रेडी हा प्रवास केला की दोन्ही लागोपाठ भेटतात.

पहिलं ‘काही नाही’ समृद्धी महामार्गावरचं. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा जून २०२५ मध्ये. एकूण लांबी ७०१ किमी. जालन्याहून चढलं की तीनशेहून अधिक किमी सिग्नल नाही, बैलगाडी नाही, दुचाकी नाही. आडवं येणारं गाव नाही, म्हणून टपरीवरचा चहाही नाही. काँक्रीट, कुंपण आणि दूरवरचा पूल. सपाटीवर ताशी १२० ची मुभा. इगतपुरीजवळचा जवळपास ८ किमीचा बोगदा येईपर्यंत देखावा फारसा बदलत नाही.

ही सलगता मेंदूला मानवत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर तासन्‌तास नजर ठेवणाऱ्या तरबेज माणसांकडूनही खुणा निसटत होत्या. ब्रिटिश हवाई दलासाठी काम करणाऱ्या नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक प्रयोग रचला. घड्याळासारख्या तबकडीवर काटा एकेक पाऊल सरकत राहायचा, मधूनच दुप्पट उडी घ्यायचा. ती उडी ओळखायची, एवढंच काम. पहिला अर्धा तास संपेपर्यंत लोकांची अचूकता घसरलेली असायची. १९४८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. माणूस दमला म्हणून चुकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही घडत नाही म्हणूनही तो चुकतो, हे त्यातून मोजता आलं.

गाडीत याचा हिशेब सरळ आहे. ताशी १२० च्या वेगात तीन सेकंदांत गाडी शंभर मीटर जाते. डुलकी तेवढीच असते. डोळे उघडे असतात आणि माणूस जागेवर नसतो. दुपारी जेवणानंतर नि पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान हा धोका वाढतो, कारण शरीराचं घड्याळच त्या वेळी मंदावतं. व्यावसायिक चालकांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. घरच्या गाडीला असा कायदा नाही. तिथे ‘अजून एक तास, मग थांबू’ म्हणणारे दाजी असतात.

समृद्धी संपल्यावर पनवेल, पेण, वडखळ ओलांडून अलिबागला पोचलं की मामला बदलतो आणि दुसरं ‘काही नाही’ सुरू होतं. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग सुमारे पाचशे किमीचा. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळापासून त्याची चर्चा आहे. आज तो सलग रस्ता नाही. आहेत त्या रस्त्यांना पूल आणि जेटी यांनी सांधलेला माग आहे. रेवदंड्याच्या पुढे साळावच्या पुलाखाली कुंडलिका लागते. जालनेकराला हे नाव घरचं. आपल्या शहरातली कुंडलिका दुधना, पूर्णा, गोदावरी अशी वाट धरत बंगालच्या उपसागराला जाते; ही सह्याद्रीतून निघून रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते.

पुढे रस्त्याचा एक ठेका पकडता येतो. जांभ्याच्या सड्यावरून सरळ जायचं, मग वळणावळणाने खाली उतरायचं, नारळी-पोफळीच्या वाडीत शिरायचं, समोरून एसटी आली की गडग्याला आरसा घासू न देता थांबायचं, खाडी ओलांडायची नि पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये चढायचं. ताशी तीस-पस्तीसची सरासरी पडली तरी खूप. मराठवाड्यातल्या सवयीने ‘दीडशे किमी म्हणजे तीन तास’ असं गणित मांडलं की दिवस कोलमडतो. इथे दीडशे किमी हा पुरा दिवस आहे, आणि तो किलोमीटरने न मोजता खाड्यांनी मोजायचा.

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या चार जागी गाडीसकट फेरीबोटीत चढावं लागतं. लोक तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात. दाभोळची सेवा २००३ मध्ये सुरू झाली. तिथली खाडी पंधरा-वीस मिनिटांत पार होते. नाहीतर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किमीहून मोठा वळसा पडतो.

बोट लागते ती लोखंडी फळीचा खणखणाट करत. आधी आतल्या गाड्या बाहेर पडतात, मग पायी माणसं, मग आपली पाळी. फळीवरचा माणूस तळहाताने हवा ढकलत ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत राहतो आणि पुढच्या बंपरला वीतभर अंतर उरलं की बोनेटवर थाप मारतो. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, बाहेर पडायचं. चालकाचे हात स्टिअरिंगवरून सुटतात, पाठ सरळ होते, डोळ्यांना दूरचं काही तरी दिसतं. बोट चुकली तर पुढचीची वाट पाहायची. मग तर सक्तीची विश्रांती. मॅकवर्थच्या प्रयोगातही अर्ध्या तासाची पाळी आणि अर्ध्या तासाची सुट्टी अशी आलटून पालटून दिली की अचूकता टिकत होती. कोकणच्या खाड्या हेच काम न सांगता करतात. म्हणून दिवेआगर ते दापोली असा दिवस संपतो, काहीच घडलेलं नसतं, आणि चालवणारा संध्याकाळी भांडणाच्या मनःस्थितीत नसतो.

असा दिवस साधायला थोडी तयारी लागते. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या रात्री विचारून ठेवायचं. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरून घ्यायचं, कारण सड्यावर पंप विरळ. अंधाराआधी मुक्काम गाठायचा. वळणावरचा गुरांचा कळप दिव्यात उशिरा दिसतो. आणि दर दीड-दोन तासांनी हात बदलायचा, दाजींची कितीही हौस असली तरी.

आता या खाड्यांवर मोठे पूल उभे राहायचे आहेत. रेवस-करंजा, दिघी-आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड अशी त्यांची यादी आहे. पलीकडच्या तीरावरच्या रुग्णाला, शाळकरी मुलाला, आंबा बागायतदाराला ते हवेच आहेत. पर्यटकाच्या हौसेखातर बोटी ठेवा म्हणणं अन्यायाचं होईल. पण पूल झाले की हा मागही हळूहळू सलग होईल. मग कुठे थांबायचं हे खाडी ठरवणार नाही. गाडी चालवणाऱ्यालाच ते ठरवावं लागेल, आणि त्याचा सराव आपल्या अंगणातल्या समृद्धीवर आजपासून करता येतो.