चोवीस पुड्या

मोठा सण जवळ आला की घरातील लहान मुलांचा एकच प्रश्न दिवसातून अनेकदा कानी पडतो, "आता किती दिवस राहिले?" मोठी माणसे भिंतीवरील दिनदर्शिकेकडे पाहून उत्तर देतात. परंतु ज्या मुलाला अजून अंकांची नीट ओळख झालेली नाही, त्याला 'अजून पंधरा दिवस' म्हणजे नेमका किती काळ, हे उमगत नाही. त्याला दिवस डोळ्यांना दिसावा लागतो, हाताला लागावा लागतो. जर्मनीतील ख्रिस्ती कुटुंबांनी मुलांच्या या गरजेतूनच एक वस्तू घडवली. तिला 'अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर' असे म्हणतात.

आगमनकाळाची मोजणी

'अ‍ॅडव्हेंट' हा शब्द 'आगमन' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होणाऱ्या या काळाला मराठी ख्रिस्ती समाजात 'आगमनकाळ' म्हणतात. येशूच्या जन्मोत्सवासाठी मनाची तयारी करण्याचा हा काळ होय. हा रविवार दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. म्हणून अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर सोयीसाठी 1 डिसेंबरला सुरू करून 24 डिसेंबरला संपवण्याची रीत पडली.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील काही घरांत दारावर खडूने चोवीस रेघा ओढत आणि मुले रोज एक रेघ पुसून टाकत. त्यासाठी एका खडूपलीकडे काहीच खर्च नव्हता. हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न हे धर्मोपदेशक निराधार मुलांसाठी एक आश्रम चालवीत. नाताळ कधी येणार, असे मुले त्यांना वारंवार विचारीत. तेव्हा 1839 साली त्यांनी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रोज एक लहान मेणबत्ती आणि दर रविवारी एक मोठी मेणबत्ती पेटवली जाई. प्रकाश वाढत चालला, म्हणजे सण जवळ येत चालला, हे सर्वांत लहान मुलालाही कळे.

छापील कॅलेंडरचे श्रेय बहुधा गेरहार्ड लांग यांना दिले जाते. त्यांच्या बालपणी त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस लहान गोड पदार्थ लावून ठेवले होते आणि रोज एकच खाण्याची मुभा दिली होती, असे सांगतात. मोठेपणी ते म्युनिक येथे मुद्रण व्यवसायात शिरले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आईच्या त्या युक्तीवरून त्यांनी चोवीस चित्रांचे कॅलेंडर छापले. उघडता येणाऱ्या लहान दारांची कॅलेंडरे त्यानंतर आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईमुळे ही छपाई थांबली. 1946 साली श्टुटगार्ट येथील रिखार्ड झेल्मर यांनी ती पुन्हा सुरू केली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या या वस्तूच्या मुळाशी अशी एका आईची घरगुती कल्पना आहे.

बाजारातील कॅलेंडर आणि घरातील ठोकळे

पुढे दारांमागे चॉकलेटे आली, नंतर खेळणी आली. एकमेकांत घट्ट बसणारे प्लास्टिकचे ठोकळे बनवणाऱ्या डेन्मार्कच्या 'लेगो' कंपनीनेही 1998 पासून अशी कॅलेंडरे बाजारात आणली. ती आकर्षक असतात, पण महागही असतात. ज्या घरात महिन्याच्या खर्चाचा मेळ कसाबसा बसतो, तेथे दोन-तीन मुलांसाठी अशी वेगवेगळी कॅलेंडरे घेणे परवडत नाही. शेजारच्या मुलाच्या हाती नवे कॅलेंडर दिसते, आपले मूल काही न बोलता ते पाहत राहते आणि आईवडिलांचे मन खंतावते.

अशा वेळी घरातील जुने ठोकळे उपयोगी पडतात. लेगोच्या ठोकळ्याची आजची रचना 1958 सालची आहे. वरच्या बाजूस गोल उंचवटे आणि आतून पोकळ नळ्या असल्यामुळे दोन ठोकळे पक्के बसतात, तरी लहान मुलालाही ते सोडवता येतात. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यातही बसतो. म्हणून थोरल्या भावंडांचे किंवा नातेवाइकांकडून आलेले ठोकळे निरुपयोगी होत नाहीत. शिवाय थोड्या ठोकळ्यांतून पुष्कळ आकार निघतात. आठ उंचवट्यांचे, एकाच रंगाचे केवळ सहा ठोकळे 91,51,03,765 प्रकारे जोडता येतात, असे गणिताने दाखवून दिले आहे.

घरगुती कॅलेंडर कसे करावे?

प्रथम घरातील सर्व ठोकळे धुऊन, पुसून रंगांप्रमाणे वेगळे करावेत. नंतर मोठ्या माणसाने छोट्या, सोप्या वस्तू स्वतः जोडून पाहाव्यात. चार पांढरे ठोकळे एकावर एक रचून वर एक पिवळा बसवला की मेणबत्ती होते. एका तपकिरी ठोकळ्यावर पाच हिरवे ठोकळे खाली रुंद व वर अरुंद असे बसवले की नाताळचे झाड तयार होते. घर, तारा, पूल, मेंढी, बर्फावरची घसरगाडी अशा वस्तू यांत घालता येतात. चोविसाव्या दिवसासाठी गव्हाणी राखून ठेवावी. प्रत्येक वस्तूला कोणते व किती ठोकळे लागले, ते कागदावर लिहून ठेवावे आणि वस्तू मोडून ठोकळे पुन्हा सुटे करावेत.

यानंतर जुन्या वर्तमानपत्राच्या चोवीस पुड्या कराव्यात किंवा रिकाम्या आगपेट्या जमवाव्यात. त्यांवर 1 ते 24 हे अंक ठळकपणे लिहावेत. हे काम मुलांकडून करून घेतल्यास अंकांचा सरावही होतो. पुड्या सुतळीला ओळीने बांधून भिंतीवर टांगाव्यात. रोज एक पुडी सोडावी आणि आतील ठोकळ्यांतून काय होईल, ते मुलाने स्वतः शोधावे. त्याने मेणबत्तीऐवजी मनोरा केला, तरी बिघडत नाही. घरात दोन मुले असतील तर एकाने विषम व दुसऱ्याने सम तारखांच्या पुड्या उघडाव्यात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बारा पुड्या येतात आणि भांडणाला जागा राहत नाही. तीन वर्षांखालील मुले लहान वस्तू तोंडात घालतात. त्यांच्या हाती बारीक ठोकळे मुळीच देऊ नयेत.

येथे एक अडचण संभवते. प्रत्येक पुडीत सरासरी आठ ठोकळे धरले, तर चोवीस पुड्यांना 192 ठोकळे लागतील. सर्वच घरांत इतके ठोकळे नसतात. अशा वेळी सर्व पुड्या एकदम न भरता रोज रात्री फक्त दुसऱ्या दिवशीची पुडी भरावी. आदल्या दिवसाची वस्तू मुलाने स्वतः मोडून ठोकळे डब्यात परत ठेवावेत आणि त्यांतूनच उद्याची वस्तू निघावी. या रीतीने चाळीस-पन्नास ठोकळ्यांतही चोवीस दिवस पार पडतात.

काटकसरीचे मोल

रोज पुडी भरायची म्हणजे घरातील कोणी तरी रात्री दहा मिनिटे काढली पाहिजेत. दिवसभर राबून आलेल्या माणसाला ती दहा मिनिटे सहज मिळत नाहीत. पैशाची बचत होते, ती या वेळाच्या बदल्यात होते, हे मान्य केले पाहिजे. पण मूल सकाळी पुडी सोडते, तेव्हा आपण झोपल्यावर कोणी तरी आपल्यासाठी जागत होते, हेही त्याला कळते. पुठ्ठ्यावर गोड पदार्थ लावणाऱ्या त्या आईनेही मुलाला हेच दिले होते.

वसईतील आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळासाठी गोठ्याचा देखावा मांडतात. तेथे चोविसाव्या पुडीतील गव्हाणीला जागा मिळू शकते. सण संपला की ठोकळे पुन्हा डब्यात जातात. त्यांतील एकही वाया जात नाही, आणि पुढच्या डिसेंबरात त्याच डब्यातून नवे चोवीस दिवस निघतात.