जिनसेंग आणि आसगंध

औषधांच्या दुकानांत अश्वगंधेच्या डब्यांवर हल्लीं 'भारतीय जिनसेंग' हें नांव आढळतें. नांव आकर्षक आहे. परंतु त्यामुळें दोन अगदीं निराळ्या वनस्पति एकच आहेत, असा समज पसरतो. चाकण-महाळुंग्याच्या कारखान्यांत पाळीनें काम करणाऱ्या एखाद्या गृहस्थाचें उदाहरण घ्या. एक आठवडा दिवसपाळी, पुढचा रात्रपाळी. झोप मोडलेली, अंग आंबलेलें. कोणी सांगतो, 'जिनसेंग घ्या.' दुकानांत हातीं पडते अश्वगंधा. ह्या दोहोंत फरक काय, हें श्रोत्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

खरें जिनसेंग मांचुरिया, कोरिया व रशियाचा अतिपूर्व प्रदेश येथील थंड अरण्यांत, झाडांच्या सावलींत वाढतें. चिनी भाषेंत त्यास 'रेन्-शेन्' म्हणतात. 'रेन्' म्हणजे मनुष्य. मुळाला हातापायांसारखे फांटे फुटतात, म्हणून हें नांव. लागवडीचें मूळ काढण्यायोग्य होण्यास बहुधा ४ ते ६ वर्षें लागतात. तें नुसतें वाळविलें म्हणजे पांढरें जिनसेंग होतें, वाफवून वाळविलें म्हणजे तांबडें. प्राचीन चिनी निघंटूंत त्याची गणना श्रेष्ठ वर्गांत केलेली आहे. 'ची', म्हणजे शरीरांतील प्राणशक्ति, क्षीण झाली असतां तें देतात. अतिरक्तस्रावानें गळून गेलेल्या रोग्यास केवळ ह्याच मुळाचा काढा देण्याची जुनी रीत आहे. उलट, अंगांत उष्णता भडकली असतां चिनी वैद्य तें वर्ज्य मानतात.

ह्या मुळांतील मुख्य द्रव्यांस जिनसेनोसाइड म्हणतात. १९६० नंतरच्या दशकांत तोकियो येथील शोजी शिबाता व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतील अनेकांची रचना उलगडली. हीं द्रव्यें सॅपोनिन जातीचीं आहेत. रिठे पाण्यांत घुसळले असतां जो फेंस येतो, तो ह्याच जातीच्या द्रव्यांमुळें. प्रत्येकांत कर्बाच्या कड्यांचा एक सांगाडा असून त्यास शर्करा जोडलेली असते. वाफेच्या उष्णतेनें त्यांपैकीं कांहीं शर्करा सुटते. म्हणून पांढऱ्या व तांबड्या मुळांतील द्रव्यें सर्वस्वीं सारखीं नसतात. पोटांत गेल्यावर आंतड्यांतील सूक्ष्म जंतु आणखी शर्करा तोडतात. हे जंतु प्रत्येक मनुष्यांत निरनिराळे असल्यामुळें एकच मात्रा सर्वांस सारखी लागू पडेल, असें नाहीं.

अश्वगंधा ही वांगें, मिरची व तंबाखू यांच्या कुळांतील. मराठींत तिला आसगंध किंवा ढोरगुंज म्हणतात. महाराष्ट्रांत ती कोरड्या, पडीक जमिनींत आपोआप उगवते. मध्य प्रदेशांतील मंदसौर-नीमच भागांत तिची मोठी लागवड होते. ओल्या मुळास घोड्यासारखा वास येतो, म्हणून हें संस्कृत नांव. शास्त्रीय नांवांतील 'सोम्निफेरा' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र 'झोप आणणारी' असा आहे. चरकानें तिला बल्य व बृंहणीय गणांत घातलें आहे. तिच्यांत जिनसेनोसाइड नाहींत. विथानोलाइड नांवाचीं, स्टेरॉइड जातीचीं द्रव्यें आहेत. त्यांपैकीं विथाफेरिन-ए याची रचना इस्रायलांतील रसायनशास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केली. हें द्रव्य पानांत विपुल असतें व तें पेशींस मारक आहे. पोटांत घेण्यास परंपरेनें मूळच वापरतात. परंतु पाला स्वस्त पडतो, म्हणून कित्येक अर्कांत पानेंही येऊं लागलीं. २०२१ सालीं केंद्रीय आयुष मंत्रालयानें उत्पादकांस पानें न वापरण्याविषयीं सूचना दिली.

ताण व निद्रानाश यांवर अश्वगंधेचे प्रयोग झाले असून थोडा लाभही दिसला आहे. तथापि ते प्रयोग लहान व थोड्या महिन्यांचे आहेत. शिवाय दोन्ही मुळें सर्वथा निरुपद्रवी नव्हेत. जिनसेंगानें कित्येकांची झोप उडते, आणि रक्त गोठूं न देणाऱ्या वॉरफॅरिन ह्या औषधाचा परिणाम कमी होऊं शकतो. अश्वगंधेनें थायरॉइड ग्रंथीचा स्राव वाढूं शकतो. क्वचित् यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणेंही नमूद आहेत. गरोदर स्त्रियांनीं ती टाळावी.

म्हणून रात्रपाळीहून आलेल्या मनुष्यानें झोपेसाठीं जिनसेंग घेणें म्हणजे उलटाच उपाय होण्याचा संभव आहे. डबी घेतांना तिच्यावरील शास्त्रीय नांव वाचावें: 'पॅनॅक्स जिनसेंग' कीं 'विथानिया सोम्निफेरा'. आंत मूळ आहे कीं पान, हेंही पाहावें. आणि चालू असलेलीं औषधें डॉक्टरांस सांगून मगच ती उघडावी.