आरमधला ग्राफ: रेषा का गायब होते आणि परत आलेली रेषा खोटी का असते?

समजा, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातला पाऊस आणि कापूस यावर प्रबंध करताय. पाच वर्षांचा पाऊस एक्सेलमध्ये आहे (आकडे उदाहरणापुरते, मिलिमीटरमध्ये): ७८०, ९१२, १,०४५, ८६०, १,१२०. फाईल सीएसव्ही केली, 'रीड डॉट सीएसव्ही'ने आरमध्ये घेतली आणि जीजीप्लॉट२ला रेषालेख काढायला सांगितला. चौकट आली, अक्ष आले, पण रेषा नाही. सोबत संदेश: प्रत्येक गटात एकच निरीक्षण आहे, ग्रुप बदलायचा आहे का?

शोधलं की बहुतेकदा एकच उपाय सापडतो: 'ग्रुप = १' लिहा. लिहिलं की रेषा येते. पण आता उभा अक्ष खालून वर वाचून बघा: १,०४५, १,१२०, ७८०, ८६०, ९१२. सगळ्यात जास्त पावसाची दोन वर्षं तळाशी गेली! ग्राफवर ती दुष्काळी दिसतात.

कारण साधं आहे. स्वल्पविराम असलेला आकडा आरला संख्या वाटत नाही. स्तंभात असा एक जरी आकडा असला, तरी अख्खा स्तंभ मजकूर होतो. मजकुराचा क्रम शब्दकोशासारखा लागतो, म्हणून १ने सुरू होणारं सगळं ७च्या आधी. 'ग्रुप = १' मुळात वाईट नाही; आडव्या अक्षावर महिन्यांची नावं असली तर तो लागतोच. इथे मात्र तो आजार झाकतो.

दुसरा सापळा याहून वाईट. थेट 'ॲज डॉट न्यूमेरिक' लावलं, तर स्वल्पविरामवाले आकडे एनए होतात, म्हणजे रिकामे. आर इशारा देतो, पण आपण तो वाचत नाही. मग सरासरी निघावी म्हणून एनए वगळतो. खरी सरासरी ९४३, वगळल्यावर ८५१. आणि गळालं कोण? हजारावरचीच वर्षं, म्हणजे नेमकी भरपूर पावसाची. आपल्याकडचा बहुतेक कापूस कोरडवाहू आहे. तिथे अशी चूक झाली, तर पाऊस आणि उत्पादनाचं नातंच उलटंपालटं होऊ शकतं.

मग करायचं काय?

१. फाईल घेतल्याबरोबर 'एसटीआर' चालवा. पावसापुढे 'सीएचआर' दिसलं, तर ग्राफकडे वळूच नका.

२. आधी 'जीसब'ने स्वल्पविराम काढा, मग 'ॲज डॉट न्यूमेरिक' लावा. हाच क्रम ठेवा.

३. पत्रकात देवनागरी अंक असतील, तर तेही आरला मजकूरच वाटतात. ते आधी 'सीएचएआरटीआर'ने इंग्रजी अंकांत बदला.

४. शेवटी एनए मोजा आणि किमान-कमाल आकडे मूळ पत्रकाशी ताडून बघा.

सीनियरकडून जुनी स्क्रिप्ट मिळाली असेल, तर आणखी एक गोष्ट. आर ४.०.० (एप्रिल २०२०) येण्याआधी 'रीड डॉट सीएसव्ही' मजकुराचा आपोआप फॅक्टर करायचं. फॅक्टरवर थेट 'ॲज डॉट न्यूमेरिक' लावलं, की पावसाऐवजी १, २, ३ असे पातळ्यांचे क्रमांक हाती येतात, तेही कुठलाच इशारा न देता. 'जीसब' आधी लावलं, तर हा धोकाही टळतो.

तुमच्या चालू प्रबंधातली एखादी फाईल आत्ताच उघडा आणि 'एसटीआर' चालवून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.