गनला मीटर हवा

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही इथेच येऊन मिळतो. जळगावात तर महामार्ग शहराच्या पोटातूनच जातो. ढाबे, टायरवाले, पंक्चरवाले यांच्या रांगेत वॉशिंग सेंटर हमखास असतं. सिमेंटचा रॅम्प किंवा गाडी उचलणारा जॅक, प्रेशर पंप, फेसाची टाकी, व्हॅक्यूम आणि मागे पाण्याचा हौद, एवढा त्याचा संसार. एमएच-19 आणि एमएच-18 च्या गाड्यांसोबत रावेर-सावद्याकडचे केळीचे ट्रक आणि काळ्या मातीने लडबडलेले ट्रॅक्टरही इथे येतात.

युरोप-अमेरिकेत या धंद्याचं रूप वेगळं आहे. ग्राहक गाळ्यात गाडी लावतो, नाणं टाकतो, ठरलेली मिनिटं स्वतः प्रेशर गन चालवतो. वेळ संपली की पाणी बंद. तिथे मजुरी महाग, म्हणून ही रीत रुजली. खान्देशात असं केंद्र चालवायचं तर पहिली अडचण ग्राहकाचीच. ज्याला स्वतः गाडी धुवायची असते तो घराच्या ओट्यासमोर बादली-फडकं घेऊन धुतो. जो पैसे मोजतो तो ‘भाऊ, खालून नीट मारजो’ एवढं सांगून बाजूला चहा घ्यायला जातो. पैसे द्यायचे आणि ओलंही आपणच व्हायचं, हे त्याला पटत नाही. नाण्यांचा प्रश्न यूपीआयने सुटेल, सवयीचा सुटणार नाही.

पण आता रॅम्पवर टिकणारी पोरं मिळत नाहीत. दिवसभर पाय ओले, साबणाने हाताला चिरा, आणि पगार गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्याइतकाच. गॅरेजमधला पोरगा पुढे मेकॅनिक होतो. धुणाऱ्याला पुढची पायरीच नाही. त्यामुळे स्वयंसेवेचा विचार मालकाला आज ना उद्या करावाच लागेल.

खरी कसोटी पाण्याची आहे. जळगाव शहर वाघूर धरणाचं पाणी पितं. धुळ्याला तापीवरच्या योजनेचं पाणी येतं, जोडीला नकाणे आणि डेदरगाव तलाव आहेत, तरीही धुळेकर कित्येक दिवसांआड येणारा नळ पाहत मोठे झालेत. अशा गावात नळाच्या पाण्याने गाड्या धुणं लोकांच्या डोळ्यांवर येतं, आणि ते यायलाच हवं. मग उरतो बोअर नाहीतर टँकर. खाली काळा बसाल्ट. भेग लागली तर पाणी, नाहीतर कोरडी धूळ. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे, केळीसाठी इतका उपसा झालाय की पातळी खोल गेली. उन्हाळ्यात रस्त्यावर धूळ सर्वांत जास्त, गाड्या सर्वांत मळलेल्या, आणि नेमका तेव्हाच हौद रिकामा. पावसाळ्यात पाणी असतं, पण उद्या पुन्हा चिखल लागणार म्हणून ग्राहक धुणं पुढे ढकलतो. वर्षातली खरी गर्दी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला ट्रॅक्टरपासून स्कूटीपर्यंत सगळं धुऊन झेंडूच्या माळेसाठी तयार व्हावं लागतं.

बोअरचं पाणी जड. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पत्र्यावरचं पाणी पुसायच्या आत सुकतं आणि त्यातला चुना पांढरे ठिपके सोडून जातो. काळ्या गाडीचा मालक मग भांडतो. तोच चुना नोझलमध्ये बसतो, फवारा वाकडा होतो. हौद आटून पंप कोरडा फिरला की त्याचे सील जातात. सराईत हाताला आवाजावरून हे कळतं. दहा मिनिटांपुरत्या आलेल्या ग्राहकाला कसं कळणार?

आता हिशेब. साधा पाइप मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सोडतो. तो पंधरा मिनिटं वाहिला तर सव्वादोनशे ते तीनशे लिटर गेले. प्रेशर गन मिनिटाला बारा लिटर घेते असं धरलं आणि खटका सहा मिनिटं दाबला, तर बहात्तर लिटर. पाच हजार लिटरच्या टँकरमध्ये पाइपने जेमतेम वीस गाड्या होतात, गनने सत्तरच्या जवळ. स्वयंसेवेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे: ती मिनिटं मोजते, म्हणजे पाणी मोजते. ग्राहक स्वतः धुवो वा पोरगा, गनला मीटर हवाच.

मोजून पाणी देणं या मुलखाला नवं नाही. पांझरा नदीवरच्या फड सिंचन पद्धतीत पाटकरी शतकानुशतकं पाळीने पाणी देत आला. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक हाती घेतलं आणि केळीच्या मुळाशी थेंब मोजला जाऊ लागला. त्याच जिल्ह्यात रॅम्पवर पाइप मोकळा वाहावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाहून गेलेल्या पाण्याकडेही असंच दुर्लक्ष होतं. त्यात माती, ग्रीस, डिझेल आणि शाम्पू असतो. हे पाणी तसंच नाल्यात सोडणं 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या विरुद्ध आहे, शिवाय नाला पुढे नदीलाच मिळतो. उपाय अवघड नाहीत: गाळ बसायला दोन-तीन कप्प्यांची टाकी, तेल वेगळं करणारा कप्पा, वाळूची गाळणी. हे पाणी चाकांना आणि खालच्या भागाला पुन्हा चालतं; शेवटचा हात तेवढा मऊ केलेल्या स्वच्छ पाण्याचा. पण टाकीला जागा लागते, आणि बरीचशी सेंटरं भाड्याच्या जागेवर. जागामालक उद्या उठवेल या धास्तीत कोण जमिनीत पैसे गाडणार?

ठिबक बांधावर पोहोचलं त्यात सरकारी अनुदानाचा मोठा वाटा होता. त्याच धर्तीवर जळगाव आणि धुळे महापालिकांनी पाणी फिरवून वापरणाऱ्या सेंटरला करात सवलत द्यावी, आणि उन्हाळ्यात टंचाईचे निर्बंध लावताना मीटर व टाकी असलेल्याला पाइप सोडणाऱ्याच्या रांगेत उभं करू नये.